प्रार्थनेची भाषा, घराची भाषा

सिंदखेड राजाहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे दुसरबीड लागते. जिजामाता सहकारी साखर कारखान्यामुळे एके काळी या गावाचे नाव जिल्ह्यात सर्वतोमुखी होते. कारखाना बंद पडला, आणि गाव पुन्हा आपल्या सोयाबीन, कापूस व तुरीच्या हिशेबात गुंतले. अशा या गावी आमच्यासारखी कॅथलिक घरे थोडीच. फादर येतील तो दिवस सणाचा, आणि नाताळ वा पुनरुत्थान सणाच्या मिस्सासाठी एस.टी.चा लांबचा प्रवास ठरलेला. संख्येने थोडे असलेल्या माणसांना आपण कोण, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. आणि विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसला तरी उत्तर देणाऱ्याला दर वेळी थोडे अवघडल्यासारखे होते.

एका कार्यालयात अर्ज भरताना ‘मातृभाषा’ या रकान्यात आम्ही ‘मराठी’ असे लिहिले. समोरच्या गृहस्थांनी अर्जावरचे आमचे नाव पुन्हा वाचले आणि अगदी सौजन्याने विचारले, “घरी इंग्रजी बोलत असाल ना?” आम्ही हसून नाही म्हटले. आमच्या आजीला इंग्रजीचे अक्षर ठाऊक नव्हते. तिने वऱ्हाडी बोलीत आम्हाला रागावले, वऱ्हाडी बोलीतच जोजवले आणि मराठीतच ‘आमच्या बापा’ शिकवले. हे सारे त्या गृहस्थांना सांगण्याची ती जागा नव्हती. परंतु त्याच आठवड्यात दुसरा एक अनुभव आला आणि पहिल्या प्रश्नाकडे आम्ही निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. संध्याकाळच्या जपमाळेला आमच्या नातीने भ्रमणध्वनीवर प्रार्थना उघडली. शब्द मराठीच होते, पण अक्षरे रोमन. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणाऱ्या या मुलीला देवनागरी जोडाक्षरे अडतात, म्हणून तिच्या आईने ही सोय करून दिली होती. ‘कृपापूर्णे’ हा शब्द तिने बिनचूक उच्चारला, आणि माळ संपल्यावर विचारले, “कृपा म्हणजे काय हो, आजोबा?”

बाहेरच्यांनी आमची मराठी नाकारली तर आम्ही वाद घालू शकतो. पण ती घरातूनच हळूहळू निघून चालली असेल, तर वाद कोणाशी घालावा? हा विचार मनात घोळत असताना एका धर्मगुरूंनी वाचावयास दिलेल्या ग्रंथातून लिथुआनिया या देशाचा इतिहास आमच्या हाती आला. बाल्टिक समुद्राच्या काठचा हा लहानसा देश, लोकसंख्येने तीस लाखांच्या आसपास आणि बहुसंख्येने कॅथलिक. त्यांची भाषा संस्कृतची दूरची बहीण शोभावी अशी. आपला देव, त्यांचा ‘दिएवास’. आपले दात, त्यांचे ‘दान्तिस’. आपला मध, त्यांचा ‘मेदुस’. संस्कृतातले स्वप्न, त्यांचे ‘साप्नास’. भाषाशास्त्राचे अभ्यासक या साम्याचे मोल जाणतात. आम्हाला मात्र त्याहून अधिक मोलाची वाटली ती ही भाषा जगली कशी, त्याची हकिकत.

१७९५ साली लिथुआनियाचा बहुतेक प्रदेश रशियाच्या झारच्या ताब्यात गेला. १८६३ साली तेथे उठाव झाला आणि तो मोडून काढल्यावर सरकारने एक चमत्कारिक हुकूम काढला. लिथुआनियन भाषा बोलण्यास मनाई नव्हती; परंतु ती रोमन अक्षरांत छापण्यास १८६५ पासून पूर्ण बंदी करण्यात आली. पुस्तके हवी असतील तर ती रशियन लिपीत छापून घ्या, आणि तीही सरकार देईल ती, असा त्याचा अर्थ. लोकांनी ती सरकारी पुस्तके घेतलीच नाहीत. रशियन लिपीतील प्रार्थनापुस्तक हाती घेणे म्हणजे उद्या झारचा ऑर्थोडॉक्स धर्म पत्करण्याचे पहिले पाऊल, हे साध्या शेतकऱ्यालाही उमगले होते.

त्या वेळी तेथे मोतिएयुस वालान्चियुस नावाचे एक बिशप होते. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले हे बिशप लोकांसाठी सोप्या भाषेत गोष्टी आणि संतचरित्रे लिहीत. १८५८ पासून त्यांनी दारूबंदीची मोठी चळवळ चालवली होती, त्यामुळे गावोगावची माणसे त्यांच्या शब्दाखातर उभी राहत. बंदी येताच त्यांनी सीमेपलीकडे, जर्मन प्रशियात, गुप्तपणे पुस्तके छापून घेण्याची व्यवस्था केली. ती पुस्तके पाठीवरच्या गाठोड्यांतून, गवताच्या गाड्यांतून, रात्रीच्या अंधारात सीमेवरील शिपायांची नजर चुकवून आणली जात. हे काम करणाऱ्यांना तेथे ‘पुस्तके वाहणारे’ असेच नाव पडले. त्यांत शेतकरी होते, कारागीर होते, स्त्रिया होत्या, धर्मगुरूही होते. सापडले त्यांना तुरुंग वा सैबेरियाची हद्दपारी भोगावी लागली. काही सीमेवरच गोळीला बळी पडले. युर्गिस बिएलिनिस नावाच्या एका शेतकऱ्याच्या मुलाने तर तीस वर्षांच्या आसपास हेच काम केले. त्याचा जन्मदिवस, १६ मार्च, आज त्या देशात पुस्तके वाहणाऱ्यांचा दिवस म्हणून पाळला जातो.

या गाठोड्यांतून येणारी पुस्तके कोणती होती? क्रांतीची पत्रके थोडी. बहुसंख्य पुस्तके प्रार्थनेची आणि बाराखडीची. काही प्रार्थनापुस्तकांवर तर बंदीपूर्वीचे खोटे साल छापलेले असे, म्हणजे पकडले गेल्यास ते जुनेच पुस्तक आहे असे सांगता यावे. सरकारी शाळेत मातृभाषा नाही, म्हणून मुलांना ती घरात शिकवली जाई. पेत्रास रिमशा या शिल्पकाराने १९०६ साली घडवलेले एक शिल्प तेथे फार प्रसिद्ध आहे. चरख्यावर सूत काढणारी एक शेतकरी बाई. तिच्याजवळ मूल आणि मुलापुढे उघडे पुस्तक. आईचे हात कामात आहेत, डोळे मात्र मुलाच्या वाचनाकडे. शिल्पाचे नाव ‘दैन्याची शाळा’. या शाळेला इमारत नव्हती, अनुदान नव्हते आणि तपासनीसही नव्हता.

चाळीस वर्षांनी, १९०४ साली, सरकारला बंदी उठवावी लागली. तोवर ती भाषा प्रार्थनेपुरती राहिली नव्हती. १८८३ साली डॉक्टर योनास बासानाविचियुस यांनी ‘औश्रा’ नावाचे मासिक सीमेपलीकडून काढले. औश्रा म्हणजे पहाट. आपल्या ‘उषा’शी या शब्दाचे नाते आहे. विन्चास कुदिर्का हा तरुण पोलिश संस्कृतीत वाढलेला होता आणि स्वतःला पोलिश समजत असे. ‘औश्रा’चा अंक हाती पडल्यावर त्याचे मन पालटले, पुढे त्याने लिहिलेले गीत त्या देशाचे राष्ट्रगीत झाले. माइरोनिस हे त्यांचे थोर कवी तर कॅथलिक धर्मगुरूच. १६ फेब्रुवारी १९१८ रोजी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर वीस जणांनी सह्या केल्या, त्यांत चार धर्मगुरू होते. प्रार्थनापुस्तकातून वाचायला शिकलेल्या पिढीने मासिक वाचले, आणि मासिक वाचणाऱ्या पिढीने देश मागितला.

हे वाचताना एखाद्याला वाटेल की ख्रिस्तसभा सदैव लोकभाषेच्या पाठीशी होती. इतिहास इतका सोपा नाही. लिथुआनियातच कित्येक पिढ्या वरिष्ठ धर्मगुरूंची भाषा पोलिश होती आणि लिथुआनियन ही गड्याशेतकऱ्यांची बोली मानली जाई. आपल्याकडे गोव्यात तर याहून कठोर प्रकार घडला. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढून स्थानिक लोकांनी तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावे असे फर्मावले, आणि या हुकमामागे काही धर्मसंघीयांचा आग्रह होता. झारच्या हुकमाच्या पावणेदोनशे वर्षे आधी एका कॅथलिक सत्तेने आपल्याच कॅथलिक प्रजेच्या जिभेवर हा घाला घातला. हे आपण लपवू नये. लपवल्याने ते पुसले जात नाही.

याच गोव्यात त्या हुकमाच्या आधी फादर थॉमस स्टीफन्स होऊन गेले, हेही तितकेच खरे. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेज्वीटाने मराठी इतकी आत्मसात केली की सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि १६१६ साली ते प्रसिद्ध झाले. देवनागरी खिळे उपलब्ध नसल्याने ते रोमन अक्षरांत छापले गेले. १६४९ व १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. गोवा सोडून दक्षिणेकडे मंगळूरच्या प्रदेशात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या नकला जपल्या, आणि अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरला तो पुन्हा छापला. घर सोडताना जे सामान बांधले गेले, त्यात कोणीतरी ही ओव्यांची वही ठेवली असणार. ती वही ठेवणाऱ्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. तोही आपला ‘पुस्तके वाहणारा’च म्हणावा लागेल.

आमच्या विदर्भाला तर ही परंपरा त्याहून जुनी. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. महानुभाव पंथातील विद्वान शिष्य संस्कृतात लिहू पाहत, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. संस्कृताने आपल्या म्हाताऱ्या बाया उपदेशाला मुकतील, असे त्यांचे म्हणणे होते. सातशे वर्षांपूर्वी एका आचार्यांनी भाषेचा निर्णय पंडितांकडे पाहून केला नाही, वृद्ध स्त्रियांकडे पाहून केला. पुढे या पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत झाकून ठेवले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी त्या लिपीचे कोडे उलगडले, आणि मराठीचे एक मोठे भांडार उजेडात आले. आता त्याच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्या दाव्यामागे अशाच ग्रंथांचे बळ आहे.

दुसरबीडहून जवळच सिंदखेड राजा येथे लखुजी जाधवांच्या वाड्यात १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला. दर वर्षी त्या दिवशी लोकांचे लोंढे आमच्याच रस्त्याने जातात. जिजाऊंच्या पुत्राने राज्याभिषेकानंतर ‘राज्यव्यवहारकोश’ तयार करवून कारभारातील सुमारे १४०० फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. राज्याभिषेक पाहून थोड्याच दिवसांत, जून १६७४ मध्ये, त्या माउलीने देह ठेवला होता. त्या कोशातले काही शब्द रुळले, पुष्कळसे रुळले नाहीत. ‘कागद’ आणि ‘बाजार’ आपण आजही म्हणतोच. छत्रपतींच्या आज्ञेलाही भाषा पूर्णपणे वश होत नाही, हे या कोशावरून दिसते. ती वश होते ती घरातल्या बोलण्याला. म्हणूनच सिंदखेडच्या वाड्यापुढून जाताना आम्हाला त्या दूरदेशीच्या चरख्यापाशी बसलेल्या बाईची आठवण होते. एक राजकन्या, दुसरी दरिद्री शेतकरीण. पण मुलाच्या कानी पहिला शब्द घालण्याचा अधिकार दोघींनाही सारखाच.

आता आपल्या ख्रिस्ती मराठीचा थोडा हिशेब मांडू. १९०३ साली, म्हणजे लिथुआनियातील बंदी उठण्याच्या आदल्या वर्षी, फादर हेन्री डोरिंग या जर्मन जेज्वीटाने अहमदनगर मिशनात ‘निरोप्या’ सुरू केले. माइरोनिस यांच्या एक वर्ष आधी जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक त्याच सुमारास प्रॉटेस्टंट मंडळीत राहून अस्सल देशी वळणाची ख्रिस्ती भजने रचीत होते; पुढे पंथाची भिंत ओलांडून ती आपल्याही प्रार्थनामंदिरांत आली. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’शिवाय तर मराठी आत्मचरित्राचा विचारच करता येत नाही. तरीही आमच्या बालपणातील वडीलधाऱ्यांना मिस्सा लॅटिनमध्येच ऐकावा लागे. फादर वेदीकडे तोंड करून लॅटिन म्हणत, आणि मागे बसलेली आजी आपली माळ मराठीत जपत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेला लोकभाषेचे दार उघडले आणि आजीची भाषा वेदीवर आली. मराठवाडा-विदर्भातील खेड्यापाड्यांत, १९५५ साली स्थापन झालेल्या आमच्या अमरावती धर्मप्रांतात, ही किती मोठी गोष्ट होती हे आजच्या मुलांना सांगूनही कळणार नाही. त्यापूर्वी आपण ऐकत होतो. त्यानंतर आपण उत्तर देऊ लागलो.

या वाटेवरचा पुढचा टप्पा वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचा. त्यांनी ‘सुवार्ता’ मासिक मराठी वाङ्मयाच्या मुख्य प्रवाहात नेले, ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. निवड झाली तेव्हा त्यांच्या धर्माकडे बोट दाखवून काहींनी विरोध केला होता. फादर आजारी असूनही संमेलनाला गेले आणि मराठीत बोलले. जुलै २०२४ मध्ये ते प्रभुचरणी विलीन झाले. कार्यालयातील त्या सौजन्यशील गृहस्थांना आम्ही द्यावयाचे उत्तर फादरांनी त्या व्यासपीठावरून कधीच देऊन ठेवले होते.

मात्र या विषयाची एक काळी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. अस्मिता हा शब्द महाराष्ट्रात आपण फार सैल हाताने वापरतो. ज्या लिथुआनियाने प्रार्थनापुस्तकांसाठी गोळ्या झेलल्या, त्याच भूमीवर १९४१ पासूनच्या नाझी अमलात तेथील नव्वद टक्क्यांहून अधिक ज्यू ठार मारले गेले, आणि त्या कत्तलींत स्थानिक माणसांचेही हात होते. त्या ज्यूंची यिडिश ही भाषाही त्याच मातीत शतकानुशतके वाढली होती. तिची पुस्तके कोणी वाहून नेली नाहीत असे नाही, पण ती वाचणारेच उरले नाहीत. आपली भाषा जपणे आणि शेजाऱ्याची भाषा परकी ठरवणे यांत जे अंतर आहे, ते एकदा मिटले की प्रार्थनाही माणसाला वाचवू शकत नाही. वऱ्हाडात आपल्या शेजारी उर्दू आहे, बंजारा बोली आहे, हिंदी आहे. आम्हाला ‘तुमची भाषा कोणती’ असे विचारले जाते तेव्हा जे दुखते, ते आम्ही दुसऱ्या कोणाला दुखवू नये, एवढे तरी या प्रश्नाने आम्हाला शिकवले पाहिजे.

त्या देशाला पुढे १९४० पासून सोव्हिएत सत्तेखाली आणखी अर्धे शतक काढावे लागले. तेव्हाही जुनीच रीत कामी आली. १९७२ साली फादर सिगितास तामकेविचियुस यांनी आपल्या सहकाऱ्यांसह ख्रिस्तसभेवरील छळाची बखर गुप्तपणे टंकलिखित करून प्रसृत करण्यास आरंभ केला. १९८९ पर्यंत तिचे ८१ अंक निघाले. एक अंक टंकलिखित करीत असताना नियोले सादुनाइते ही व्रतस्थ भगिनी पकडली गेली आणि तिने श्रमछावणी व सैबेरियाची हद्दपारी भोगली. शौल्याय शहराजवळच्या टेकडीवरील भक्तांनी रोवलेले हजारो क्रूस सरकारने १९६१ पासून वारंवार उखडले, आणि लोकांनी रात्री जाऊन ते वारंवार पुन्हा रोवले. ११ मार्च १९९० रोजी देशाने स्वातंत्र्य घोषित केले, आणि सप्टेंबर १९९३ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्याच क्रूसांच्या टेकडीवर मिस्सा अर्पण केला.

या सर्व हकिकतीसमोर आमच्या नातीचा प्रश्न ठेवून पाहिला, तेव्हा रोमन अक्षरांची खंत आम्हाला पूर्वीइतकी वाटेनाशी झाली. ‘ख्रिस्तपुराण’ही रोमन अक्षरांतच छापले गेले होते. लिथुआनियन लोकांनी लिपीसाठी प्राण दिले, कारण ती त्यांच्यावर लादली जात होती. आपल्या मुलीने ती सोयीसाठी पत्करली आहे. देवनागरी तिने शिकावी, जरूर शिकावी; मे महिन्याच्या सुट्टीत रोज अर्धा तास पुरेसा आहे. पण खरा धोका तिने विचारलेल्या प्रश्नात आहे, अक्षरांत नाही. ‘कृपा’ हा शब्द तोंडात आहे आणि त्याचा अर्थ मनात नाही, अशी प्रार्थना म्हणजे आजीच्या काळचे लॅटिनच पुन्हा घरी आले म्हणावयाचे. इतक्या कष्टाने वेदीवर आलेली मराठी आपल्याच मुलांसाठी लॅटिन होऊन बसावी, याहून मोठी विटंबना कोणती?

आम्हाला कोणी बंदी घातलेली नाही. सीमेवर शिपाई नाहीत. प्रार्थनापुस्तक कपाटात उघड्यावर आहे, ‘निरोप्या’ आणि ‘सुवार्ता’ ही नावे आपल्या घरांना ठाऊक आहेत. इंग्रजी माध्यमाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे; पोटासाठी इंग्रजी लागते हे आम्हीही जाणतो, आणि लेकरांनी ती उत्तम शिकावी असेच म्हणतो. मात्र शाळेने जे शिकवावयाचे नाही, ते शिकवण्याचे काम कोणाचे, हे त्या चरख्याजवळच्या बाईने दाखवून दिले आहे. त्यासाठी तिला हातातले काम टाकावे लागले नव्हते.

आमच्या घरी आता जपमाळेच्या पाच दशकांनंतर एक शब्द घेण्याचा परिपाठ पडला आहे. एका संध्याकाळी ‘कृपा’, दुसऱ्या संध्याकाळी ‘धन्य’, नंतर ‘अपराध’, ‘क्षमा’, ‘मोह’. ज्याला जो अर्थ ठाऊक असेल तो त्याने सांगावा, शक्यतो घरातल्याच एखाद्या उदाहरणाने. ‘कृपा’ या शब्दासाठी सुनेने यंदाचा पाऊस सांगितला: तो मागून मिळत नाही, विकत मिळत नाही, आणि आपल्या शेतावर पडतो तेव्हा शेजाऱ्याच्याही शेतावर पडतो. नातीने तो अर्थ वहीत लिहून घेतला. पहिली ओळ रोमन अक्षरांत आहे. खाली ‘कृपा’ हा एकच शब्द तिने वेड्यावाकड्या देवनागरीत काढला आहे, ऋकार जरा लांब गेला आहे. वाचकहो, आपल्या घरीही अशी एखादी वही सुरू व्हावी, एवढेच आमचे मागणे आहे.